'३-२-१' या नियमाची उलटतपासणी

कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत नऊ वर्षे रोज पाऊस मोजला जात होता. पर्जन्यमापक साधाच, शाळेच्या आवारात मोकळ्या जागी बसवलेला. सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे भारतीय हवामानशास्त्र विभाग ज्या वेळी चोवीस तासांच्या पावसाची नोंद घेतो त्याच वेळी, आठवी-नववीतले दोन विद्यार्थी जात, पाणी मोजत आणि आकडा वहीत लिहीत. शनिवारी विज्ञानाचे शिक्षक आठवड्याचे आकडे संगणकावरच्या तक्त्यात भरत. सुट्टीतही या कामात खंड पडला नव्हता. हे शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत आणि त्यांना कोणीही निष्काळजी म्हणणार नाही. तक्त्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर, दुसरी बाह्य हार्ड डिस्कवर त्यांच्या घरी आणि तिसरी इंटरनेटवरच्या एका साठवण सेवेत, अशी त्यांची व्यवस्था होती. दर शनिवारी नोंद झाली की त्याच दिवशी तिन्ही प्रती अद्ययावत होत.

एका डिसेंबरात एका विद्यार्थ्याने सर्वांत जास्त पावसाचा दिवस शोधायचे ठरवले. त्याने पावसाचा स्तंभ निवडला आणि मोठ्या आकड्याकडून लहानाकडे असा क्रम लावण्याची आज्ञा दिली. शेजारचा तारखांचा स्तंभही सोबत हलवायचा का, असे संगणकाने विचारले. मुलाने 'नको' म्हटले. पावसाचे आकडे उतरत्या क्रमाने लागले, तारखा मात्र होत्या तिथेच राहिल्या. सर्वांत मोठा आकडा पहिल्या ओळीत, म्हणजे नोंदी सुरू झाल्या त्या १ जूनसमोर येऊन बसला. जून महिना असल्यामुळे तारीख पटण्यासारखी होती. मुलाने ती टिपून घेतली आणि फाइल जतन करून बंद केली.

आता त्या तक्त्यानुसार पहिली अडीच वर्षे रोज पाऊस पडत होता, फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्येसुद्धा, आणि त्यानंतर साडेसहा वर्षे एक थेंबही नव्हता. हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण शनिवारी फाइल उघडली की थेट शेवटच्या ओळीकडे जायचे अशी सवय होती, आणि डिसेंबर ते मे या काळात शेवटच्या ओळींत शून्येच असायला हवीत. पुढच्या जूनमध्ये एका विद्यार्थिनीने मागील वर्षीच्या जूनशी तुलना करायला घेतली तेव्हा तिला सगळीकडे शून्य दिसले. तोवर पंचवीसहून अधिक शनिवार उलटले होते. तेवढ्याच वेळा ही चुकलेली फाइल घरच्या डिस्कवर आणि इंटरनेटवर अगदी निष्ठेने उतरवली गेली होती. इंटरनेटवरची सेवा जुन्या आवृत्त्या ठेवत असे, पण सुमारे ३० दिवसच.

संगणकातील माहितीची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, कसा घ्यावा याविषयी आज जो नियम सर्वत्र सांगितला जातो, त्या नियमाप्रमाणे या शिक्षकांचे काहीच चुकले नव्हते. म्हणूनच तो नियम जरा बारकाईने तपासावा असे वाटले.

नियम असा : माहितीच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर ठेवा आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. यालाच '३-२-१' म्हणतात. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने छायाचित्रांच्या संगणकीय व्यवस्थापनावर लिहिलेल्या पुस्तकामुळे (पहिली आवृत्ती २००५) तो लोकप्रिय झाला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या शासकीय संगणक-सुरक्षा यंत्रणेसाठी तयार झालेल्या एका मार्गदर्शक टिपणानेही तो उचलला. आता संगणकाच्या प्राथमिक अभ्यासक्रमांत, वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक पानांत आणि डिस्क विकणाऱ्यांच्या जाहिरातींतही तो आढळतो.

नियमाचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. तो लक्षात राहतो. नियम पाळला की नाही हे बोटांवर मोजता येते. मुख्य म्हणजे ज्याच्याकडे एकच प्रत आहे, आणि असे लोक आपल्यात पुष्कळ आहेत, त्याला तो ताबडतोब पुष्कळ सुरक्षित करतो. क्रोग यांच्यासमोर छायाचित्रकार होते, हेही विसरता कामा नये. एकदा काढलेले छायाचित्र मूळ स्वरूपात सहसा बदलत नाही. ते नष्ट होऊ नये एवढीच काळजी घ्यायची असते. पावसाचा तक्ता, गुणपत्रक, लिहीत असलेले पुस्तक यांची गोष्ट वेगळी आहे. त्या फाइली दर आठवड्याला बदलतात, आणि जी फाइल बदलते ती बिघडूही शकते. एका व्यवसायातील चांगली सवय सर्वांसाठी नियम म्हणून आली, पण येताना तिच्या मर्यादा मागे राहिल्या.

पहिला आक्षेप गणिताचा आहे आणि तो दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल इतका सोपा आहे. हार्ड डिस्क बंद पडण्याचे प्रमाण किती? हजारो डिस्क वापरणारी बॅकब्लेझ ही कंपनी २०१३ पासून आपली आकडेवारी प्रसिद्ध करत आली आहे. तिच्याकडे वर्षाला शंभरातील साधारण एक ते दोन डिस्क बंद पडतात. आपण दोन धरू. म्हणजे एक डिस्क वर्षभरात जाण्याची संभाव्यता ०.०२ झाली. दोन्ही डिस्क जाण्याची संभाव्यता ०.०२ × ०.०२, म्हणजे दहा हजारांत ४. तिन्ही जाण्याची दहा लाखांत ८. आकडे एवढे लहान होतात की तीन प्रतींवर विसंबून निर्धास्त झोपावे असे वाटते.

परंतु संभाव्यतांचा असा गुणाकार केव्हा करता येतो? घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. हे आपण मुलांना नाण्यांच्या आणि फाशांच्या उदाहरणांनी शिकवतो आणि स्वतःच्या संगणकाजवळ आलो की विसरतो. समजा, सर्व प्रती एकदम निकामी करील असे एखादे समान कारण आहे : पूर, चोरी, विषाणू किंवा वर सांगितल्यासारखी चुकीची जतन-आज्ञा. त्याची वर्षातील संभाव्यता शंभरात फक्त एक धरू. आता पुन्हा गणित करा. एकच प्रत असेल तर सर्वनाशाची संभाव्यता दहा हजारांत २९८ येते. दोन प्रती असतील तर १०४. तीन असतील तर १००. चौथी, पाचवी, दहावी प्रत केली तरी १००च्या खाली ती येणारच नाही. दुसऱ्या प्रतीने मोठा फायदा झाला, तिसरीने जवळजवळ काही नाही. समान कारणाचा हा शंभरात एक आकडा मी गृहीत धरलेला आहे. वाचकांनी आपल्याला योग्य वाटेल तो घेऊन पाहावे, निष्कर्षाची दिशा बदलणार नाही. प्रतींची संख्या वाढवण्यात जो पैसा आणि श्रम जातात, ते समान कारणे शोधून काढण्यात गेले तर जास्त उपयोग होईल.

समान कारणे कशी असतात? २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये पूर आला तेव्हा पाणी घरांत, दुकानांत, कार्यालयांत सारखेच शिरले. ज्यांचा संगणक एका टेबलावर आणि राखीव डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती, त्यांच्या दृष्टीने प्रती दोन नसून एकच होती. याच वर्षी, १० मार्चला, फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या माहिती केंद्राची पाच मजली इमारत आगीत भस्मसात झाली. काही ग्राहकांनी राखीव प्रतींचे पैसे वेगळे भरले होते, आणि त्या प्रती त्याच ठिकाणी ठेवलेल्या होत्या असे आगीनंतर समजले. इंटरनेटवरची प्रतही कुठल्या तरी इमारतीतल्या डिस्कवरच असते. तिला 'क्लाउड' म्हटल्यामुळे आपल्याला याचा विसर पडतो, एवढेच.

नियमातील 'एक प्रत दूर' हा भाग पूर आणि आग यांची दखल घेतो, हे खरे. पण अंतर हे स्वातंत्र्याचे एकच अंग आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्राम दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवर पसरला. असा प्रोग्राम फाइली कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. त्याला किलोमीटरशी काही देणेघेणे नसते. संगणकाला जी डिस्क जोडलेली आहे, ज्या साठवणुकीत संगणकाला लिहिता येते, तिथे तोही लिहू शकतो. शंभर किलोमीटरवरची पण सतत जोडलेली प्रत त्याच्या हाती लागते. शेजारच्या कपाटात केबल काढून ठेवलेली डिस्क लागत नाही. प्रत चांगली की वाईट हे ठरवताना 'ती कुठे आहे' याच्या जोडीला 'आत्ता तिच्यावर कोण लिहू शकतो' हा प्रश्न विचारायला हवा, आणि मूळ नियमात तो नाही.

'दोन माध्यमे' या अटीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. २००५ साली हार्ड डिस्क आणि डीव्हीडी असा अर्थ त्यातून निघे आणि तो सयुक्तिक होता. आज घरात डीव्हीडी वाचणारे यंत्र असेलच असे नाही. त्या जागी पेनड्राइव्ह आला, आणि पेनड्राइव्ह हे जपणुकीचे माध्यम म्हणून फारच कच्चे आहे. त्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेली असते. हा भार हळूहळू गळतो, उष्णतेत अधिक लवकर गळतो. एका जागेहून दुसऱ्या जागी फाइल नेण्यासाठी तो उत्तम. पाच वर्षे खणात ठेवून नंतर सर्व काही जागेवर असेल असे मात्र धरू नये.

यापेक्षा मोठा आक्षेप काळाचा आहे. '३-२-१' मधील तिन्ही आकडे स्थळाविषयी बोलतात. काळाविषयी एकही नाही. तीन ठिकाणी ठेवलेल्या प्रती एकाच क्षणाच्या असतील तर त्या क्षणाआधी झालेली प्रत्येक चूक तिन्हींमध्ये असणार. आमच्या शिक्षकांचा पाऊस नेमका याच फटीतून वाहून गेला. प्रती जितक्या तत्परतेने अद्ययावत होतील तितक्या तत्परतेने चूकही पसरते, म्हणजे इथे त्यांची दक्षताच त्यांना नडली. इंटरनेटवरच्या सेवांमध्ये 'सिंक' नावाची सोय असते. तीत एका यंत्रावरचा बदल आपोआप इतरत्र पोहोचतो. ती सोय कामाची आहे, पण तिला बॅकअप समजणे ही आज सर्वांत जास्त आढळणारी गैरसमजूत असावी. एका ठिकाणी फाइल पुसली की ती सगळीकडे पुसली जाते. काही सेवा पुसलेल्या फाइली आणि जुन्या आवृत्त्या काही दिवस ठेवतात, आणि आपली सेवा किती दिवस ठेवते हे प्रत्येकाने पाहून घ्यावे. पण वर्षातून एकदाच पाहिल्या जाणाऱ्या माहितीतली चूक तीस दिवसांत सापडेल ही अपेक्षा भाबडी आहे. शाळेतली बरीचशी माहिती अशीच असते : गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका, मागील तुकडीचे निकाल, गतवर्षीचे पावसाचे आकडे.

गंमत अशी की या अडचणीवरचा उपाय '३-२-१' पेक्षा कितीतरी जुना आहे. मोठ्या संगणक केंद्रांत चुंबकीय फिती वापरल्या जात त्या काळापासून 'आजोबा-वडील-मुलगा' ही पद्धत चालत आली आहे. रोजची फीत हा मुलगा, आठवड्याची वडील, महिन्याची आजोबा. मुलाच्या फितीवर दर आठवड्याला नवे लिहिले जाई, वडिलांच्या फितीवर दर महिन्याला. आजोबांना हात लावायचा नसे. आज झालेली चूक उद्या सापडली तर मुलगा कामास येतो, तीन आठवड्यांनी सापडली तर वडील, सहा महिन्यांनी सापडली तर आजोबा. घरगुती संगणकांच्या काळात ही कुटुंबव्यवस्था कशी मोडली कोण जाणे. जागा पुरत नाही म्हणून मोडली असेल तर ते कारण कधीच संपले आहे. नऊ वर्षांच्या रोजच्या पावसाच्या तक्त्यात सुमारे ३२८७ ओळी भरतात आणि फाइल काहीशे किलोबाइटच्या पुढे जात नाही. तिच्या शंभर वेगवेगळ्या तारखांच्या प्रती ठेवल्या तरी ३२ गिगाबाइटच्या साधनाचा शंभरावा भागही भरणार नाही. फाइलच्या नावात तारीख घालायची आणि जुनी फाइल पुसायची नाही, एवढेच करायचे आहे. मॅक संगणकांतील 'टाइम मशीन' (२००७ पासून) आणि विंडोजमधील 'फाइल हिस्टरी' (विंडोज ८, २०१२ पासून) ही साधने हेच काम आपोआप करतात. विंडोजमधले साधन मात्र आपण होऊन सुरू होत नाही, ते चालू करावे लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. हा नियम प्रती मोजतो, पण त्या प्रतीतून माहिती परत मिळवून पाहा असे तो कुठेही म्हणत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, दुय्यम यंत्रावर द्यायची पुसण्याची आज्ञा मुख्य यंत्रावर दिली. चूक काही क्षणांत लक्षात आली, पण सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइटच शिल्लक राहिले होते. कंपनीकडे राखीव प्रतींच्या आणि प्रतिरूपाच्या मिळून पाच व्यवस्था होत्या. पाचांपैकी एकही धड चालत नव्हती. रोजची प्रत घेणारा प्रोग्राम माहितीसंचाच्या जुन्या आवृत्तीसाठीचा होता, त्यामुळे तो दररोज अपयशी ठरत होता. अपयशाची सूचना देणारे इमेलही पोहोचत नव्हते, कारण पाठवणाऱ्याची ओळख पटत नसल्याने ते नाकारले जात होते. प्रती जिथे साठायच्या ती जागा रिकामी होती. शेवटी एका अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी सहा तासांपूर्वी सहज हाताने घेतलेली एक प्रत वाचवायला आली. या सहा तासांतली माहिती मात्र गेली. कंपनीने हे सर्व लपवून न ठेवता तपशीलवार प्रसिद्ध केले, याबद्दल तिचे ऋण मानले पाहिजे. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना यापेक्षा चांगला पाठ्यांश मिळणार नाही.

'टॉय स्टोरी २' या चित्रपटाची हकिकत त्याहून जुनी, १९९८ ची. पिक्सार कंपनीत कोणीतरी दिलेल्या पुसण्याच्या आज्ञेने चित्रपटाचा बहुतेक भाग संगणकावरून नाहीसा झाला. राखीव फिती काढल्या तर त्या कित्येक दिवसांपासून नीट भरल्याच जात नव्हत्या असे आढळले. तांत्रिक विभागातील गॅलिन ससमन या नुकत्याच बाळंत झाल्या होत्या आणि घरून काम करत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून कंपनीत आणला गेला. (पुढे कथा पसंत न पडल्याने या चित्रपटाचा मोठा भाग पुन्हा नव्याने करण्यात आला, हा भाग वेगळा.) दोन्ही प्रसंगांत अधिकृत व्यवस्था कोसळली आणि वाचवले ते वेगळ्या कारणासाठी घेतलेल्या, वेगळ्या हातांतल्या प्रतीने. वर स्वतंत्र घटनांविषयी जे लिहिले त्याचेच हे प्रत्यक्ष रूप आहे. योगायोगाने मिळालेले हे स्वातंत्र्य आपल्याला जाणूनबुजून उभे करता येते.

मूळ नियमातील उणिवा इतरांच्याही लक्षात आल्या आहेत. बॅकअपचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीम या कंपनीने तो वाढवून '३-२-१-१-०' असा केला : आणखी एक प्रत संगणकापासून पूर्ण तुटलेली किंवा बदलता न येणारी, आणि पडताळणीत शून्य चुका. ही सुधारणा योग्य दिशेची आहे. पण नियम लांबत चालला आहे, आणि काळ अजूनही त्यात आलेला नाही.

पडताळणी म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का, हे तपासण्यासाठी फाइलचा 'हॅश' काढतात. एसएचए-२५६ या पद्धतीने कोणत्याही फाइलपासून ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. फाइलमधला एक बिट बदलला तरी ही ओळ पूर्णपणे वेगळी येते. विंडोजमध्ये यासाठी 'सर्टयुटिल' ही आज्ञा आधीपासूनच असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. इथे पावसाच्या तक्त्यातली एक गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. आकड्यांचा क्रम बिघडला तरी नऊ वर्षांच्या पावसाची एकूण बेरीज एका मिलिमीटरनेही बदलली नव्हती! बेरजेला क्रमाची पर्वा नसते, हॅशला असते. मात्र हॅशही सर्वज्ञ नाही. फाइल बदलली एवढेच तो सांगतो, बदल योग्य की अयोग्य हे सांगत नाही. दर शनिवारी नवी नोंद होत असेल तर हॅश दर शनिवारी बदलणारच. म्हणून ज्या माहितीत यापुढे बदल व्हायचा नाही ती वेगळी काढावी. वर्ष संपले की त्या वर्षाची स्वतंत्र फाइल करावी, तिचा हॅश कागदावर लिहून ठेवावा आणि फाइलला फक्त वाचण्यासाठीची खूण करावी. पुढे कधी हॅश जुळला नाही तर काहीतरी बिघडले हे निश्चित. सगळी वर्षे एकाच वाढत्या फाइलमध्ये ठेवणे ही त्या शाळेतली खरी चूक होती, आणि ती शिक्षकांना दाखवून देणारा कोणताही नियम उपलब्ध नव्हता. प्रस्तुत लेखकानेही त्या तक्त्याचे कौतुकच केले होते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ आपण ज्या अक्षरसंचांत टंकलेखन केले, त्यांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेले होते, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची रीत वेगळी. त्या काळच्या फाइली कित्येकांनी आजवर निगुतीने सांभाळल्या आहेत. हॅश जुळेल, बिट न बिट जागेवर असेल, पण तो अक्षरसंच नसलेल्या संगणकावर उघडले तर पानभर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांचा खच दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक असल्याने ही आपत्ती टळते. ज्यांच्याकडे अशा जुन्या फाइली आहेत त्यांनी त्या युनिकोडमध्ये आणणे हे चौथी प्रत घेण्यापेक्षा निकडीचे आहे. हा त्रास फक्त आपल्याच वाट्याला आला असेही नाही. बीबीसीने १९८६ मध्ये शाळांतल्या मुलांच्या मदतीने ब्रिटनच्या जनजीवनाची प्रचंड माहिती लेसर तबकड्यांवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या वाचू शकणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि ती माहिती सोडवून घेण्यासाठी वेगळे प्रकल्प हाती घ्यावे लागले.

मग निवड कशी करावी? साधने आणि किमती दरवर्षी बदलतात, म्हणून नावे सुचवण्यात अर्थ नाही. परंतु समान कारणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत आणि प्रत्येकासमोर आपली कोणती प्रत टिकेल हे लिहून काढता येते. डिस्क बंद पडली तर? घरात पाणी शिरले तर? विषाणू आला तर? सहा महिन्यांपूर्वीची चूक आज सापडली तर? इंटरनेटवरचे खाते बंद झाले तर? हा शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले, आणि शाळेने दिलेले खाते तर बदलीनंतर किंवा निवृत्तीनंतर आपले राहतेच असे नाही. प्रतीला सांकेतिक शब्दाचे कुलूप असेल तर तो शब्द आपल्याशिवाय कोणाला माहीत आहे, हेही लिहावे. माझ्या मते शिक्षकाला परवडणारी आणि पेलणारी व्यवस्था अशी : दोन बाह्य हार्ड डिस्क, एक घरी, एक शाळेत, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अदलाबदल, आणि प्रत घेण्याची दहा मिनिटे सोडून दोन्हींच्या केबल काढलेल्या. फाइलींच्या नावांत तारखा. संपलेल्या वर्षांच्या फाइली गोठवलेल्या. याशिवाय आवृत्त्या ठेवणारी इंटरनेट सेवा असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. हीत प्रती तीनच होतात आणि माध्यम एकच, म्हणजे '३-२-१' च्या परीक्षेत ती नापास होईल. तरीही वरच्या सर्व प्रश्नांना तिच्याकडे उत्तर आहे.

आणि वर्षातून दोनदा एक कवायत. एखाद्या विद्यार्थ्याला राखीव डिस्क द्यावी, कधीही न वापरलेला दुसरा संगणक द्यावा आणि सांगावे : मागील १५ ऑगस्टला ही फाइल जशी होती तशी पंधरा मिनिटांत उघडून दाखव. शिक्षकाने मध्ये बोलू नये. मुलगा कुठे अडतो ते टिपून घ्यावे. केबल सापडत नाही, सांकेतिक शब्द आठवत नाही, फाइल उघडणारा प्रोग्राम नाही, ऑगस्टची प्रतच नाही, यांपैकी काहीतरी पहिल्या खेपेला हमखास निघते.

त्या शाळेत ही कवायत आता जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर होते. पावसाच्या नऊ वर्षांपैकी सात वर्षांच्या वह्या कपाटात शाबूत होत्या. नववीच्या मुलींनी आकडे पुन्हा भरले, एकीने वाचायचे आणि दुसरीने टंकायचे, मग अदलाबदल करून तपासायचे. उरलेल्या दोन वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. त्यांपैकी एका वर्षाचा तक्ता एका माजी विद्यार्थिनीच्या इमेलमध्ये सापडला. बारावीच्या प्रकल्पासाठी तिने तो मागवला होता आणि नंतर पुसायचे राहून गेले होते. दुसऱ्या वर्षाची फक्त महिनावार बेरीज शाळेच्या वार्षिकात छापलेली मिळाली. त्या वर्षीच्या जुलैत किती पाऊस पडला हे माहीत आहे. कोणत्या दिवशी किती, ते नाही.